डोळे मिटा, हात वर करा

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा त्यांच्या आवाजात उत्साह मावत नव्हता. ‘तरुणांमधलं नेतृत्व घडवताना’ असं शीर्षकही त्यांनी मनाशी योजून ठेवलं होतं. “दोन-चार हृद्य प्रसंग येऊ द्या, शैलाताई. आणि तुम्ही घडवलेल्या एखाद्या कार्यकर्त्याबरोबर तुमचा फोटो असला तर फारच उत्तम.”

फोटो आहे. येरवड्यातल्या एका चौकात तो बरेच महिने टांगलेला होता, चांगला ऐसपैस. त्याची हकीकत टाळून या विषयावर मला एक अक्षर लिहिता येणार नाही, आणि ती सांगायची तर लाज वाटते. तरी सांगते. संपादकांना लेख हवा आहे आणि मलाही हे कुठेतरी बोलून टाकायचं आहे.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते, कारण नातेवाइकांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी कोथरूडला राहते. आमची संस्था वस्त्यांमधल्या तरुण मुलामुलींसाठी शनिवारी दुपारी वर्ग घ्यायची. महापालिकेच्या शाळेचा हॉल, चार सतरंज्या आणि एक फळा एवढं भांडवल. कागदोपत्री नाव ‘युवा नेतृत्व विकास’, मुलं म्हणायची ‘नेता क्लास’. आम्ही स्वतःला शिक्षक म्हणवून घ्यायचं नाही, ‘सुलभक’ म्हणायचं, असा दंडक होता. सुलभक म्हणजे जो स्वतः काही सांगत नाही, गटाकडून वदवून घेतो, आणि कधीच कुणाची बाजू घेत नाही. दोन मुलं एकमेकांची कॉलर धरून उभी असली तरी सुलभक म्हणतो, “दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आपण बसून बोलू.” भाजीत मीठ जास्त झालंय असं यजमान एकदा म्हणाले, तेव्हाही मी हेच उत्तर दिलं होतं म्हणे.

पालकांना नेतृत्वाशी काही देणंघेणं नसायचं. त्यांचा एकच प्रश्न असायचा, “मॅडम, पोराला स्टेज डेअरिंग येईल ना?” स्टेज डेअरिंग म्हणजे माइक हातात आल्यावर पाय न लटपटणं. ते येतं, फार अवघड नाही. मध्यंतरी कर्वेनगरलाही आमचा एक वर्ग चालायचा. तिथे इस्त्रीच्या शर्टातले एक निवृत्त गृहस्थ मुलीला घेऊन आले. म्हणाले, “हिच्यात लीडरशिप डेव्हलप करा. फक्त ती घरात वापरायची नाही, एवढं आधीच सांगून ठेवा.” ते विनोद करत नव्हते. मुलगी महिनाभर आली आणि मग दिसली नाही. बहुधा तिने ती घरातच वापरून पाहिली असावी.

एका कंपनीची मंडळी वर्षातून एकदा एकसारखे टीशर्ट घालून समाजसेवा करायला यायची. त्यांनी ‘विश्वासाचा खेळ’ घेतला. साहेबांनी डोळे मिटून पाठीमागे अंग टाकायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. झेलायला उभी असलेली माणसं साहेबांच्याच हाताखालची होती. साहेब पडले. आमची मुलं त्या खेळाला पुढे कितीतरी दिवस ‘साहेब पाडणं’ म्हणत होती.

पोरांमधला नेता कसा ओळखता, असं लोक विचारतात. माझी एक युक्ती होती. पहिल्या शनिवारी मी सतरंज्या गुंडाळलेल्याच ठेवायचे आणि उशिरा पोहोचल्याचं नाटक करून जिन्यातून बघत राहायचे. येरवड्याच्या एका तुकडीत ओंकार नावाच्या मुलाने सतरंजीचं एक टोक धरलं, दुसऱ्याला हाक मारली, “ए मित्रा, धर ना जरा,” आणि बघता बघता चौघांना कामाला लावलं. दुसऱ्या बाजूला प्रतीक्षा नावाची मुलगी कुणाला हाक न मारता उरलेल्या सतरंज्या एकटीच अंथरून मोकळी झाली होती. दोघंही एकाच वस्तीतली, बारावीतली. मी मनातल्या मनात ओंकारच्या नावापुढे खूण केली. आमच्या शास्त्राप्रमाणे ती अगदी बरोबर होती.

माझे दोन धडे सगळ्या वर्गांमध्ये गाजले होते. इतर संस्थांचे लोकही ते उचलून नेत आणि मला त्याचा अभिमान वाटे. पहिला धडा होता ‘आपण’चा. आपल्या मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. मी मुलांना सांगायचे, ‘मी’ हा एकट्याचा शब्द, ‘आम्ही’ हा भांडणाचा आणि ‘आपण’ हा नेत्याचा. वर्गात कुणी ‘आम्ही’ म्हटलं की बाकीच्यांनी टाळी वाजवायची आणि बोलणाऱ्याने वाक्य सुधारून पुन्हा म्हणायचं.

प्रतीक्षासाठी फार टाळ्या वाजल्या. “आमच्या वस्तीत पाणी येत नाही.” टाळी. मी म्हटलं, “आपल्या वस्तीत, असं म्हण.”

“पण ताई, तुमच्याकडे तर येतं ना?”

वर्ग हसला. मीही हसले आणि म्हटलं, “प्रतीक्षा, तुझं हे आम्ही-तुम्ही कधी जाणार गं?” त्यानंतर ती ‘आपल्या वस्तीत’ म्हणायला लागली, पण शब्दाआधी किंचित थांबून, कडू औषध घेण्याआधी माणूस थांबतो तशी. ओंकारला हा धडा शिकवावा लागलाच नाही. तो पहिल्या दिवसापासून ‘आपण’ असा म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्याच मनातलं होतं, याने फक्त बोलून दाखवलं.

दुसरा धडा मतदानाचा. सहलीला कुठे जायचं हे ठरवताना मुलं ओरडली, “सिंहगड!” हात वर करायला सांगितले तर मुलींचेही हात वर. पण वर करताना प्रत्येक मुलगी डोळ्याच्या कडेने बघत होती. कुणाचा भाऊ गटात होता, कुणाच्या गल्लीतला मुलगा. म्हणून मी म्हटलं, “आता सगळ्यांनी डोळे मिटा आणि हात वर करा. बघणारी फक्त मी.” सिंहगडाचे निम्मे हात गळाले. एका मुलीने बागेचं नाव सुचवलं होतं, त्याला भराभर हात आले. कारण नंतर कळलं. बागेत स्वच्छतागृह होतं. ते उघड्या डोळ्यांनी सांगायची कुणाची हिंमत नव्हती. त्या दिवसापासून आमच्याकडे महत्त्वाचं काहीही ठरवायचं असेल तर डोळे मिटून ठरायचं. मोजणारा माणूस प्रामाणिक असतो हे मी धरूनच चालले होते, कारण मोजणारी मी होते.

त्याच तुकडीने वस्तीत अभ्यासिका सुरू केली. बंद पडलेल्या बालवाडीची एक खोली होती. ती मिळावी म्हणून क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालण्याचं काम प्रतीक्षाने केलं. साहेब जागेवर नाहीत म्हटलं की ती बाकावर बसून राहायची आणि साहेब चहाला निघाले की उठून उभी राहायची, एवढंच. खोली मिळाली. उद्घाटनाला ओंकारने भाषण केलं, “आपण सगळ्यांनी मिळून ही खोली उभी केली.” टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रतीक्षा मागे पंख्याचं बटण दुरुस्त करत होती.

वर्षं गेली. प्रतीक्षा एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागली आणि संध्याकाळी अभ्यासिका उघडून बसू लागली. तिथे बसणाऱ्या बहुतेक मुली होत्या. त्यांच्यातली सानिका पोलीस भरतीची तयारी करत होती. घर एका खोलीचं, त्यात आजोबा अंथरुणाला खिळलेले आणि टीव्ही दिवसभर चालू. पुस्तक उघडायला जगात तिच्यासाठी तेवढी एकच जागा होती.

मी निवृत्त होताना माझ्या जागी कुणाला घ्यायचं, हे संस्थेने मला विचारलं. दोन नावं पुढे होती. मी ओंकारचं नाव सांगितलं आणि संस्थेने त्यालाच घेतलं. प्रतीक्षाबद्दल मी म्हटलं होतं, “कामाला वाघ आहे, पण सगळं ‘मी’वर घेते. गटाला बरोबर नेत नाही.” हे वाक्य मी बोलले ते मनापासून, आणि त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ओंकारचा फोन आला. “ताई, अभ्यासिकेच्या खोलीबद्दल वस्तीची बैठक आहे रविवारी सकाळी. दुरुस्तीचा विषय आहे. तुम्ही फक्त येऊन बसा. तुम्ही असलात की लोकांना बरं वाटतं.” निवृत्त माणसाला असा फोन आला की तो किती लगबगीने निघतो, हे निवृत्त वाचकांना सांगायला नको. मी ठेवणीतली साडी नेसून दोन बस बदलून गेले.

खोली भरली होती. बाया, म्हातारी माणसं, अभ्यासिकेतल्या मुली, थोडी मुलं. ओंकार खुर्चीवर बसला नाही, सतरंजीवर सगळ्यांच्या पातळीला बसला. मीच शिकवलेलं. आधी दुसऱ्यांना बोलू दिलं. “कमलआजी, गुडघा काय म्हणतोय?” असं नाव घेऊन विचारलं. मधूनमधून लोकांचंच वाक्य उचलून परत त्यांनाच सांगितलं. तेही मीच शिकवलेलं. मला अगदी भरून आलं. शेजारी सानिका बसली होती, तिला मी हळूच म्हटलंसुद्धा, “बघ, कसा घेतोय बैठक.”

मग विषय निघाला. भागातले एक भाऊ निवडणुकीला उभे राहणार होते. नावाआधी ‘भावी’ लिहिलेले त्यांचे फलक सगळ्या चौकांत लागले होते. त्यांना संपर्क कार्यालयासाठी मोक्याची जागा हवी होती. खोलीला ते नवी फरशी आणि रंग करून देणार होते, आणि निवडून आल्यावर अभ्यासिकेला मोठा हॉल.

“आपण थोडं लांबचं बघू या,” ओंकार म्हणाला. “आज आपण ही खोली फक्त निवडणुकीपर्यंत त्यांना वापरायला दिली, तर उद्या आपल्याला हॉल मिळतोय. आपण तेवढे दिवस ॲडजस्ट करू.”

मागून प्रतीक्षा उठली. लॅबमधून थेट आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. “ओंकार, एक मिनिट. आपण म्हणजे कोण कोण?”

“आपण म्हणजे आपण सगळे.”

“तू खराडीला फ्लॅटमध्ये राहतोस. तुला कुठे ॲडजस्ट करायचंय? खोली आमची जाणार. सानिकाची परीक्षा आहे. त्या पोरींनी बसायचं कुठे, ते सांग ना.”

ओंकार शांतपणे हसला आणि प्रेमाने म्हणाला, “प्रतीक्षा, तुझं हे आम्ही-तुम्ही अजून गेलं नाही का गं?”

लोक हसले. वाक्य माझं होतं, शब्दन्‌शब्द. आणि मीही हसले. ते हसू आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. प्रतीक्षाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसली.

“ठीक आहे,” ओंकार म्हणाला, “आपल्या नेहमीच्या पद्धतीने ठरवू. कुणाला कुणाचं दडपण नको. सगळ्यांनी डोळे मिटा. ताई, तुम्हीपण.”

एवढ्या वर्षांत त्या खेळात मी डोळे कधी मिटले नव्हते. मिटले. डोळे मिटल्यावर कान फार नीट चालतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. “ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर.” इथे-तिथे थोडी सळसळ झाली. “आता ज्यांना मान्य नाही त्यांनी.” आणि माझ्या चहूकडून बांगड्या वाजल्या. सानिकाचा दंड माझ्या दंडाला घासून वर गेला. मागे कमलआजींचा सांधा कट्‌कन वाजला, कारण त्यांनी हात पार वरपर्यंत नेला असावा.

“धन्यवाद. उघडा डोळे,” ओंकार म्हणाला. “बहुमताने मान्य आहे. आपण सगळ्यांनी मोठं मन दाखवलंत.”

प्रत्येकाला वाटलं असणार की आपलाच हात एकटा होता. माझी पद्धत तशीच तर आहे. तिच्यात आपल्यासारखे किती आहेत, हे कुणालाच कळत नाही.

प्रतीक्षा पुन्हा उठली. “मी डोळे उघडे ठेवले होते. नाही म्हणणारे जास्त होते. खूप जास्त.”

“मग तू नियम मोडलास,” ओंकार म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. “आता तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा आपण?”

ती माझ्याकडे वळली. “ताई, तुम्ही सांगा.”

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की पुन्हा हात वर करा, आता डोळे उघडे ठेवून. त्याला काही लागत नव्हतं. मी आयुष्यभर मुलांना ज्याचे धडे दिले ते नेतृत्व म्हणजे त्या क्षणी एवढं एकच वाक्य होतं. पण ते म्हटलं असतं तर माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी भर बैठकीत खोटा ठरला असता. त्याला निवडणारी मी, माझी ती पद्धत, वर्षानुवर्षांची ती कौतुकं, सगळंच उघडं पडलं असतं. हे सगळं मी त्या वेळी विचार करून ठरवलं असं नाही. जीभ जिकडे वळायची सवय होती तिकडे वळली.

“माझे डोळे मिटलेले होते, प्रतीक्षा,” मी म्हटलं. “दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आपण बसून बोलू.”

बैठक संपली. बिस्किटं आणि चहा आला. मी तो प्यायलेसुद्धा.

खोलीवर महिन्याभरात नवा रंग आला, नवी फरशी बसली आणि चौकात फलक लागला. त्यावर हात जोडलेले भाऊ, शेजारी ओंकार, आणि खाली एका गोलात मी, ठेवणीतल्या साडीत. बैठकीत कुणीतरी मोबाइलवर काढलेला फोटो होता. माझ्या नावाखाली लिहिलं होतं ‘मार्गदर्शक’. त्यातला रफारही चुकलेला होता. पुण्यात राहून शुद्धलेखनाकडे आधी लक्ष जातं, त्यामुळे लाज वाटायला मला एक क्षण उशीर झाला.

निवडणूक होऊन गेली. भाऊ पडले. खोली मात्र अजून त्यांच्याकडेच आहे.

मधल्या काळात मी ओंकारला घरी बोलावलं होतं. तो आला, नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. मी विचारलं, “त्या दिवशी खरे हात किती होते, ओंकार?”

तो गोंधळला. त्याचा गोंधळ खरा होता, हे मला अजून बोचतं. “मोजले नाहीत ताई. त्यात मोजायचं कुठे असतं? गटाला सामावून घ्यायची ती पद्धत आहे ना? निर्णय तर आधी झालेलाच असतो.” मग माझा चेहरा बघून म्हणाला, “म्हणजे... तुम्ही मोजायचात?”

मी मोजायचे. प्रत्येक वेळी मोजायचे. हे मी इथे लिहिते आहे, पण ते खरं मानायला वाचकांकडे काही कारण नाही आणि ओंकारकडेही नव्हतं. साक्षीला कुणीच नाही, सगळ्यांचे डोळे मीच मिटायला लावले होते. इतकी वर्षं समोर बसलेली ती मुलं मनात काय समजत होती, कोण जाणे. त्यांच्यात जो सगळ्यात हुशार होता त्याने तर हेच शिकून घेतलं की ताई आधी ठरवतात आणि मग आपल्याला डोळे मिटायला सांगतात.

येरवड्याला पाऊल टाकायला मला बरेच महिने लागले. मुलींचं काय झालं ते कानावर आलं होतं. प्रतीक्षाने वस्तीतल्या विहाराच्या मंडळाला भेटून संध्याकाळची आणि शनिवार दुपारची जागा मागितली होती. त्यांनी दिली. एका शनिवारी मी गेले. चपला काढताना आतून पाठांतराचा गलका ऐकू येत होता.

“जय भीम, ताई. या,” प्रतीक्षा म्हणाली. पाणी दिलं. “काय काम काढलंत?”

“प्रतीक्षा, त्या दिवशी मी...”

“माहितीये ताई. डोळे मिटलेले होते.”

तिने ते टोमणा मारायला म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त माहिती सांगत होती. मी खाली मान घालून म्हटलं, “कान उघडे होते माझे. मला कळलं होतं सगळं. तरी मी बोलले नाही.”

ती बराच वेळ ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. सानिकाने पुस्तकातून डोकं वर काढलं आणि पुन्हा घातलं.

“मला इथे काही मदत करता येईल का, एवढं विचारायला आले होते,” मी म्हटलं. “शनिवारी येत जाईन.”

“माझ्या एकटीचं नाही हे. विचारून बघते.” ती मुलींकडे वळली. “ए, ऐका गं सगळ्या. शैलाताई शनिवारी शिकवायला येऊ का विचारतायत. ज्यांना चालेल त्यांनी हात वर करा. आणि डोळे उघडे ठेवायचे. एकमेकींकडे बघायचं.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही हात आले. मग आणखी काही. सानिकाचा शेवटी आला.

“आता नको असलेल्यांनी.”

कोपऱ्यातल्या दोघी-तिघींनी हात वर केले आणि मग प्रतीक्षाने स्वतःचा. माझ्या डोळ्यांत बघत, सरळ, पार वर. इतकी वर्षं नेतृत्व शिकवूनही कुणाच्या तोंडावर असा हात वर करायला मी एकाही पोराला शिकवलं नव्हतं. ते तिचं तिने शिकून घेतलं होतं. मला वाईट वाटलं, आणि तिचं कौतुकही वाटलं, पण कौतुक करायचा हक्क आपल्याला उरलेला नाही हेही कळत होतं.

“हो म्हणणाऱ्या जास्त आहेत,” तिने मोजून सांगितलं. “मी नको म्हटलं होतं. पण ठरलं ते ठरलं. या तुम्ही. फक्त लीडरशिप नको ताई. भरतीच्या पेपरला मराठी व्याकरण असतं, त्यात पोरींचे मार्क जातात. ते घ्या.”

म्हणून आता मी दर शनिवारी व्याकरण शिकवायला जाते. संधी घेतले, समास घेतले. प्रतीक्षा माझ्याशी नीट बोलते, चहा विचारते, निघताना बसस्टॉपपर्यंत कुणाला तरी सोबत देते. तिने वर केलेला हात अजून खाली आलेला नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे.

मागच्या शनिवारी सर्वनामं काढली. मी, तू, तो झालं. फळ्यावर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ लिहिलं, आणि खडू हातात तसाच राहिला. प्रतीक्षा मागे भिंतीला टेकून कुणाचा तरी अर्ज तपासत होती.

सानिकाने विचारलं, “ताई, दोन्हीचा अर्थ सेमच आहे ना? मग दोन शब्द कशाला?”

“सेम नाही,” मी म्हटलं. “‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर असतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत असतो.”

“म्हणजे मी जर तुम्हाला म्हटलं की आमच्या वस्तीत खोली नाही, तर तुम्ही...?”

प्रतीक्षाने अर्जावरून नजर उचलली.

“बाहेर,” मी म्हटलं.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा अर्जात डोकं घालून म्हणाली, “बरोबर आहे ताई. पुढचं घ्या.”